आत्याचं रॉकेल

दारावर 'सुरक्षा प्रमुख' अशी पाटी लागली, त्या दिवशी आपल्या गृहस्थांनी ती वाचायला उगाचच बाहेर फेऱ्या मारल्या. एकदा कचरा टाकायला गेले, एकदा कचऱ्याचा डबा आत आणायला गेले, आणि मग काहीच निमित्त सापडेना म्हणून पायपुसणं झटकायला गेले. झटकताना मान तिरकी करून पाटीकडे पाहिलं. अक्षरं तशीच होती. मध्ये काही नव्हतं, नंतर काही नव्हतं. नुसतं 'प्रमुख'.

हे नुसतेपण किती मोलाचं असतं, ते ज्याच्या हुद्द्याला जन्मभर 'उप' चिकटलं त्यालाच कळतं. ऑफिसात ते उपव्यवस्थापक. कामगार पतपेढीत उपाध्यक्ष. ऑफिसच्या क्रिकेट संघात तर उपकर्णधार, आणि तेही सामना सुरू असताना पाणी घेऊन मैदानात जाणारे. घरात वडिलांची धाकटी बहीण, म्हणजे आत्या, सत्तेवर होती. आत्या झोपली की बायको. तेव्हा आता आपण त्यांना 'प्रमुख' म्हणूनच हाक मारू. आपलं काय जातं, आणि त्यांना किती बरं वाटेल.

प्रमुखपद त्यांनी लढून मिळवलेलं नव्हतं. पलीकडच्या इमारतीत एका खोलीला आग लागली, तेव्हा अग्निशमन खात्याने सगळ्या इमारतींना पत्र पाठवलं: घरातले ज्वालाग्राही पदार्थ हलवा, एक सुरक्षा प्रमुख नेमा, रविवारी तपासणी आहे. इमारतीच्या सभेत 'प्रमुख कोण होणार?' असा प्रश्न आला, तेव्हा सगळ्यांनी आपापल्या पायाच्या अंगठ्याकडे पाहिलं. हे एकटेच पंखा कुरकुरतोय का म्हणून वर पाहत होते. तेवढ्यावर निवड एकमताने झाली. चौथ्या मजल्यावरच्या रसायनशास्त्राच्या मास्तरांनी अनुमोदन दिलं, तिसऱ्या मजल्यावरच्या चित्रकाराने पाटी रंगवून दिली, आणि तळमजल्यावर राहणाऱ्या सचिवांनी गळ्यात अडकवायची लाल शिट्टी दिली.

त्याच संध्याकाळी प्रमुखांनी जिन्यात सूचना लावली. 'सर्व ज्वालाग्राही पदार्थ रविवारपूर्वी हलवावेत. कोणाचीही सबब ऐकली जाणार नाही. प्रमुखांच्या घराची तपासणी प्रमुख स्वतः करतील.'

सचिवांनी चष्मा वर सारून ती वाचली. "वा! म्हणजे पेपर लिहिणारेही तुम्हीच आणि तपासणारेही तुम्हीच."

"नियम सगळ्यांना सारखा आहे," प्रमुख म्हणाले.

"हो, ते दिसतंच आहे शेवटच्या ओळीत."

मास्तर जिना उतरत होते. ते थांबले. मास्तर थांबले की समोरच्याला फळा व्हावं लागतं. "तुमच्या गळ्यातली शिट्टी कशाची, ठाऊक आहे? प्लास्टिक. कच्च्या तेलापासून. अंगातला शर्ट पॉलिस्टर, तोही तेलातलाच. पायातली चप्पल तीच, चष्म्याची काडी तीच. काटेकोर तपासणी केली तर पहिले तुम्हीच जप्त व्हाल."

सचिव हसले. प्रमुखांनी शिट्टी शर्टाच्या आत सारली.

सारली खरी, पण मनात किडा वळवळायला लागला. गुरुवारी ऑफिसातून आल्या आल्या त्यांनी चहासुद्धा न घेता स्वतःच्या घराची तपासणी सुरू केली. स्वयंपाकघर झालं, मोरी झाली, कपाटं झाली. शेवटी स्टुलावर चढून माळ्यावर डोकं घातलं. जुन्या गाद्यांच्या मागे, त्याहून जुन्या पडद्यात गुंडाळलेला एक भलामोठा पत्र्याचा डबा निघाला. झाकण उघडलं मात्र, लहानपणीच्या सगळ्या संध्याकाळी एकदम नाकात शिरल्या.

"आत्या! हे काय आहे?"

"रॉकेल," आत्या खालून शांतपणे म्हणाल्या. "झाकण नीट लाव, उडून जाईल."

"पण हे आलं कुठून?"

"कुठून म्हणजे? रांगेत उभी राहून आणलंय मी. आज मिळालं तर उद्या नाही, असे दिवस होते. लागेल म्हणून ठेवलं."

"अगं, स्टोव्ह जाऊन युगं लोटली! आता काय लागणार आहे?"

"ते लागल्यावर कळतं."

बायको दारात येऊन म्हणाली, "चहाला गॅस पेटवू का?"

प्रमुख स्टुलावरून ज्या पद्धतीने उतरले त्याला उतरणं म्हणत नाहीत. "काही पेटवू नकोस! या घरात रविवारपर्यंत काहीही पेटणार नाही!"

त्या रात्री सगळ्यांनी थंड दूध घेतलं. आत्यांनी ते घेताना पुतण्याकडे असं पाहिलं की दूध आणखी थंड झालं.

रॉकेल हलवायला हवं होतं, आणि कोणाला न कळता हलवायला हवं होतं. बेसिनमध्ये ओतावं तर नळी खालून सचिवांच्या मोरीवरून जाते, आणि सचिवांचं नाक साऱ्या इमारतीत प्रसिद्ध. झाडाला घालावं तर झाडाने काय पाप केलंय? शेवटी शुक्रवारी रजा टाकून प्रमुखांनी डबा मोठ्या कापडी पिशवीत घातला, वर कोथिंबिरीची जुडी ठेवली आणि भाजी घेऊन चाललोय असा चेहरा करून ते बसमध्ये चढले.

कंडक्टर दोन बाकं अलीकडेच थबकला. "काका, ही कोथिंबीर कुठं पिकते हो?"

"का बरं?"

"नाही, त्या बाजूला मी घर बघतोय. आता नाही बघणार. उतरा."

"मी एका इमारतीचा सुरक्षा प्रमुख आहे!"

"मग तर आधी उतरा."

भर रस्त्यात, कोथिंबिरीसकट, सुरक्षा प्रमुख उतरले. अपमान गिळायला वेळ नव्हता. समोरच पेट्रोल पंप दिसत होता. तिथल्या माणसाने डब्याकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं, आणि नळी जागेवर अडकवत म्हणाला, "साहेब, इथं भरून देतात. रिकामं करून घेत नाहीत."

मग नगरपालिका. कचरा विभागाच्या खिडकीत एक बाई कागदांना टाचण्या मारत होत्या.

"ओला की सुका?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"ओला. म्हणजे, पातळ आहे."

"कुजतो का?"

"नाही."

"मग सुका."

"अहो, पण तो हलतोय!" प्रमुखांनी डबा हलवून दाखवला. आतून डचमळ आवाज आला.

बाईंनी टाचणी खाली ठेवली आणि प्रथमच वर पाहिलं. "हलणारा सुका कचरा आमच्याकडे बसत नाही. घातक कचऱ्याची खिडकी वेगळी. ती मंगळवारी उघडते."

"तपासणी रविवारी आहे हो."

"मग तपासणी बुधवारी ठेवा."

शेवटचा उपाय म्हणून ते अग्निशमन केंद्रात गेले. एक जवान लाल गाडी धूत होता. डबा पाहून त्याने पाईप बंद केला. "आग कुठंय?"

"आग नाहीये."

"मग?"

"लागू नये म्हणून आलोय."

"त्याचं खातं वेगळं. ते रविवारी फिरतीवर आहे."

"ठाऊक आहे. ते आमच्याकडेच येतंय. तोवर एवढा डबा ठेवून घ्या ना. विझवायची सगळी सोय आहे तुमच्याकडे."

जवान हसला नाही, हे त्याच्या शिस्तीचं लक्षण मानायला हवं. "केंद्रात रॉकेल ठेवायला मनाई आहे, साहेब. आग लागेल."

संध्याकाळी प्रमुख घरी परतले, तेव्हा हात लोंबत होते, कोथिंबीर सुकली होती, आणि रॉकेल मात्र टवटवीत होतं.

"एवढी वरात काढलीस त्या डब्याची," आत्या म्हणाल्या, "आणि परत माहेरीच घेऊन आलास? शेजाऱ्यांना वाटून टाकलं असतं तर दुपारपर्यंत संपलं असतं."

"मी सुरक्षा प्रमुख आहे, आत्या. मीच सूचना लावली आणि मीच रॉकेल वाटत फिरू?"

"तू नको फिरूस," आत्या म्हणाल्या, आणि हे वाक्य त्यांनी फार पुढच्या विचाराने म्हटलं होतं, हे प्रमुखांच्या लक्षात आलं नाही.

शनिवारी ऑफिसात त्यांना साधी बेरीज जमेना. खुर्चीत बसलं की डबा दिसे, उठलं की सचिव दिसत. अर्धा दिवस भरला आणि ते धावत घरी आले. बाल्कनीत डबा उपडा घालून ठेवलेला. रिकामा. खणखणीत. वाजवून पाहिला.

"संपलं?"

"संपलं," आत्या म्हणाल्या. "बाटल्या भरून दिल्या सगळ्यांना. चित्रकाराला ब्रश धुवायला हवं होतं. शिवणवाल्या काकूंना मशीनचा गंज काढायचा होता. मास्तर स्कूटरचा प्लग पुसणार आहेत. सचिवांच्या बायकोला पंख्याची पाती साफ करायची होती, आणि मुंग्यांनाही हवंय म्हणाली. तू म्हणे काय लागणार आहे!"

प्रमुखांना गहिवरून आलं. काही झालं तरी तो औषधापुरता साठा, ज्याच्या त्याच्या घरी, ज्याची त्याची जबाबदारी. त्यांनी चहा मागितला, गॅस पेटवायला परवानगी दिली, आणि चहा पिऊन ते असे झोपले की शिट्टी घोरण्याबरोबर वाजत होती.

आता इथे आत्यांचा एक नियम सांगायला हवा. शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत पाठवायचं नाही. वाटी आली तर साखर घालून जाणार, डबा आला तर लाडू घालून जाणार. वर्षानुवर्षं त्यांनी साऱ्या इमारतीला हे वळण लावलं होतं. एकदा मास्तरांनी वाटी नुसती धुऊन परत केली, तर आत्यांनी महिनाभर त्यांच्याशी फक्त हवामानावर बोलणं ठेवलं. तेव्हा बाटल्या आत्यांच्या आहेत म्हटल्यावर त्या रिकाम्या परत येणं शक्यच नव्हतं. आणि उद्या तपासणी असताना, घरातून नेमकं काय बाहेर काढायचं, हे प्रत्येकाला प्रमुखांच्याच सूचनेने शिकवलेलं होतं. शेवटची ओळ तर सगळ्यांना पाठ होती.

प्रमुख जागे झाले ते वासाने. कालचा वास एकेरी होता. आजचा सहकुटुंब होता. बाल्कनीत गेले. आत्या खुर्चीवर बसून कौतुकाने पाहत होत्या, आणि मास्तर उकिडवे बसून बाटल्या ओळीने मांडत होते.

"या या!" मास्तर म्हणाले. "शाळेत मला असं साधन कधी मिळालं नाही. कच्चं तेल तापवून उंच मनोऱ्यात सोडतात. हलका भाग वर चढतो, जड खाली राहतो. आता पाहा. चौथा मजला, म्हणजे मी: पेट्रोल. तिसरा, चित्रकार: टर्पेंटाइन, खनिज तेलातलं. दुसरा, तुमच्या आत्या: रॉकेल, सकाळपर्यंत होतं ते. पहिला, शिवणवाल्या काकू: मशीनचं तेल आणि मेणबत्त्यांचा पुडा. आणि अगदी तळाला, सचिव: डांबर! अहो, आपली इमारत म्हणजे तेलशुद्धीकरणाचा मनोरा आहे."

"आणि माझी बाल्कनी?"

मास्तरांनी शेवटची बाटली ओळीत सरकवली. "गोदाम."

"तुमचं पेट्रोल तुम्ही घेऊन जा."

"छे! दिलेली वस्तू परत? आत्या काय म्हणतील?" मास्तर एवढं बोलून स्कूटरच्याही वेगाने वर निघून गेले.

प्रमुखांनी टर्पेंटाइन उचललं आणि तिसऱ्या मजल्यावर धाव घेतली. दाराच्या फटीतून उजेड दिसत होता; घंटा वाजवताच तो गेला. मग पहिल्या मजल्यावर. काकूंनी साखळी न काढता दार उघडलं.

"काकू, हे तुमचं तेल आणि मेणबत्त्या."

"नको हो! उद्या तपासणी आहे. ते प्रमुख फार कडक आहेत म्हणे. सबब ऐकत नाहीत."

"मीच प्रमुख आहे, काकू!"

"तेच तर," काकू म्हणाल्या आणि दार लावलं.

तळमजल्यापर्यंत जायची छाती झाली नाही. ते जिन्यात आपल्याच सूचनेसमोर उभे राहिले. उद्या दहाच्या आत पाटी जाणार, शिट्टी जाणार. सोमवारी ऑफिसात कळणार. 'उप' तर परत येणारच, पण त्याच्या मागे उभं राहायला काही उरणार नव्हतं.

रविवारी सकाळी अग्निशमन अधिकारी बाई आल्या. खाकी कपडे, हातात पाटी-कागद, चालणं असं की जिना स्वतःच बाजूला सरतो असं वाटावं. सगळी इमारत जिन्यात जमली होती. बाईंनी सूचना वाचली, शेवटची ओळ पुन्हा वाचली. "प्रमुखांच्या घराची तपासणी प्रमुख स्वतः करतील. छान. मग आपण तिथूनच सुरुवात करू."

प्रमुखांच्या मागे बाई, बाईंच्या मागे सचिव, आणि सचिवांच्या मागे प्रत्येक बाटलीचा मालक अशी मिरवणूक दुसऱ्या मजल्यावर चढली. बाल्कनीच्या दारात बाई थांबल्या. त्यांनी बाटल्या एकेक करून मोजल्या.

"हे सगळं कुणाचं?"

प्रमुखांनी मागे वळून पाहिलं. चित्रकार छताकडे पाहत होता. काकू पदराशी खेळत होत्या. मास्तर जणू परीक्षेला बसले होते. एकेकाकडे बोट दाखवलं असतं तर पाटी वाचली असती. पण ज्या माणसाला प्रमुख व्हायचं असतं, त्याला अशा वेळी नेमका मोठेपणा आठवतो. शिट्टी हातात घट्ट धरून ते म्हणाले, "माझं."

"सगळं?"

"सगळं."

"हे मशीनचं तेल कशाला?"

"मी... शिवण करतो."

"यांना साधं बटण लावता येत नाही!" स्वयंपाकघरातून बायको म्हणाली. काकूंचा जीव तुटला. शिवणाची अशी बदनामी त्यांनी कधी ऐकली नव्हती. पण त्यांनी पदर तोंडात धरला.

"आणि टर्पेंटाइन?"

"चित्रं काढतो. त्या पाटीचं अक्षर माझंच."

"खोटं!" चित्रकार किंचाळला. "ती वेलांटी! ती वेलांटी हा माणूस जन्मात काढू शकणार नाही! बाई, टर्पेंटाइन माझं आहे, लिहून घ्या!"

"तेल माझं!" काकूंना आता राहवेना. "मेणबत्त्याही माझ्या. पण बाई, हे शिवण करतात असं कुठे लिहू नका."

बाईंनी पेट्रोलची बाटली उचलली. "आणि हे?"

"ते?" प्रमुख आता उतारालाच लागले होते. "रॉकेल जुनं झालं की त्याचं पेट्रोल होतं. ठेवून ठेवून."

मागून एक आवाज झाला, तो मास्तरांच्या आतून आला होता. "ठेवून ठेवून? अहो, वेगवेगळ्या तापमानाला वेगळी होतात ती! असं काही कागदावर जाऊ देणार नाही मी! पेट्रोल माझं आहे. स्कूटरचं. आणि ते पेट्रोल म्हणूनच जन्माला आलंय!"

एकटे सचिव शांत होते. चेहऱ्यावर असं समाधान, जणू त्यांच्या घरात पाण्याखेरीज पातळ पदार्थच नाही. "बाई, एवढं झाल्यावर प्रमुख बदलायला हवा, नाही का? मी तयार आहे."

"हे डांबर राहिलं," बाई म्हणाल्या. "हे कशाला?"

प्रमुखांनी तोंड उघडलं, पण डांबर हौस म्हणून ठेवतो असं म्हणायची हिंमत त्यांना होईना. तेव्हा आत्या खुर्चीवरून म्हणाल्या, "ते सचिवांच्या बायकोनं दिलंय. बाटलीत मावेना म्हणून स्वतःच्या डब्यातून पाठवलं. डबा नवा आहे, परत द्या म्हणाली. आता तो रिकामा कसा देऊ, एवढंच बाई मला सांगा."

काल मनोऱ्याच्या नादात मास्तरांना जे सुचलं नव्हतं ते आत्ता सुचलं, आणि सगळ्यांत आधी तेच वळले. "डांबर? गच्चीचं डांबर? पाऊस माझ्या पलंगावर पडतोय आणि तुम्ही म्हणता, डांबर मागवलंय, येतंय!"

"आलं होतं," सचिव पुटपुटले. "थोडं... दाराच्या उंबऱ्याला लागलं."

मग बराच वेळ सगळे एकदम बोलत होते. प्रमुखांनी शिट्टी वाजवली, पण ती ऐकू कोणालाच आली नाही. अधिकारी बाई आत्यांच्या शेजारी बसल्या आणि त्यांनी शांतपणे विचारलं, कोणाच्या घरी आणखी काय आहे? आत्यांनी सांगितलं. पलंगाखालचं, मोरीमागचं, पोटमाळ्यावरचं. कुठल्या घरातला गॅसचा पाईप चिरलाय तेही. बाई लिहीत होत्या.

निघताना त्यांनी साऱ्या इमारतीला ताकीद दिली, सगळ्या बाटल्या, सचिवांच्या डब्यातून खरवडून काढलेलं डांबर आणि वासाचा तो पत्र्याचा डबासुद्धा खात्याच्या गाडीत भरायला लावला, आणि प्रमुखांसमोर हात पुढे केला. "शिट्टी."

"माझी?"

"कोणाच्या घरात काय आहे, हे ज्याला ठाऊक, तो सुरक्षा प्रमुख. तुमच्या इमारतीत असं माणूस एकच आहे."

आत्यांनी शिट्टी गळ्यात घातली, चाचणी म्हणून सचिवांच्या कानाजवळ फुंकली, आणि समाधानाने मान डोलावली.

"पण बाई," प्रमुख रिकामा गळा चाचपत म्हणाले, "मी काय करू?"

"यांना जिने चढवत नाहीत ना," बाई म्हणाल्या. "मदतीला कोणी हवंच."

मंगळवारी, घातक कचऱ्याची खिडकी उघडायच्या दिवशी, खात्याची गाडी येऊन डबा परत देऊन गेली. लाल रंगाने रंगवलेला आणि काठोकाठ वाळूने भरलेला. आत्यांनी वाळूत बोट खुपसून पाहिलं. "भांडं रिकामं नाही पाठवलं. वळणाची आहेत हो माणसं." मग एक मोठी वाटी भरून वाळू सचिवांच्या नव्या डब्यात घातली आणि तो खाली पाठवून दिला.

संध्याकाळी चित्रकार येऊन पाटीचं काम करून गेला. जागा कमी होती, पण त्याने बसवलं. आपल्या गृहस्थांनी तो जाईपर्यंत दार उघडलं नाही. मग निमित्त शोधलं, सापडलं नाही, म्हणून पायपुसणं घेऊन बाहेर आले. पाटी वाचली. 'सुरक्षा' आणि 'प्रमुख' यांच्या मध्ये, अगदी कोवळी दोन अक्षरं उभी होती. रंग अजून ओला होता. टर्पेंटाइनच्या बोळ्याने पुसला असता तर आत्ता निघाला असता, पण टर्पेंटाइन कुणाच्याही घरात शिल्लक नव्हतं.

त्यांनी पायपुसणं झटकलं. आतून शिट्टी वाजली.

"जिन्यात धूळ नको!" आत्या म्हणाल्या. "आणि आत ये, पहिल्या मजल्यावर गॅसचा पाईप बघून यायचाय."